एका नळीने ठरवलेली रायफल: लिव्हर-ॲक्शन आणि अमेरिकेतली हरणांची शिकार

काउबॉयच्या सिनेमात चापाभोवतीची लोखंडी कडी खटाखट खाली-वर करत बार काढणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या हातातली ती रायफल म्हणजे लिव्हर-ॲक्शन. पडद्यावर ती माणसांवर रोखलेली दिसते, पण गेली सव्वाशे वर्षं तिचं खरं काम अमेरिकेच्या जंगलात हरणांच्या शिकारीचं आहे. पेनसिल्वेनिया, विस्कॉन्सिन, मेन, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग इथल्या कित्येक घरांत आजोबांची लिव्हर-ॲक्शन नातवाकडे आलेली असते. ती भिंतीवर टांगून ठेवत नाहीत. दर नोव्हेंबरात ती जंगलात जाते.

तिच्याहून लांबवर मारा करणाऱ्या रायफली शंभर वर्षांपूर्वीच बाजारात आल्या. तरीही ही टिकली. का टिकली हे समजून घ्यायचं तर तिच्या एका भागाकडे नीट बघावं लागतं. मुख्य नळीच्या खाली आणखी एक बारीक नळी असते आणि काडतुसं तिच्यात राहतात. गोळीचा आकार, तिचा पल्ला, ती कुठल्या जंगलात उपयोगी, शिकाऱ्याने हरणाच्या किती जवळ जायचं, हे सगळं या खालच्या नळीने ठरवलेलं आहे.

आधी काडतूस म्हणजे काय ते बघू. पितळेची पुंगळी, तिच्यात दारू, पुढच्या तोंडाशी बसवलेली गोळी आणि मागच्या तळाच्या बरोबर मध्यावर एक छोटीशी प्राइमरची टिकली. चाप ओढला की घोडा पडतो, पिन प्राइमरवर आदळते, ठिणगी उडते, दारू पेटते आणि गोळी नळीतून बाहेर पडते. रिकामी पुंगळी मात्र आतच राहते. ती बाहेर काढून नवं काडतूस आत सरकवणं हे काम प्रत्येक रायफल आपापल्या पद्धतीने करते.

लिव्हर-ॲक्शनमध्ये ते काम ती कडी करते. मधलं बोट आणि करंगळीकडची दोन बोटं कडीत असतात. मनगट पुढे ढकलून कडी खाली नेली की बोल्टला, म्हणजे काडतुसाच्या मागे बसणाऱ्या लोखंडी दांड्याला, मागून टेकू देणारी कुलपाची पट्टी खाली सरकते, बोल्ट मागे येतो, येताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि मागचा घोडा दाबून ताणून ठेवतो. कडी पूर्ण खाली गेली की खालच्या नळीतून आलेलं एक काडतूस छोट्या पाळण्यात बसून वर उचललं जातं. कडी परत वर आणली की बोल्ट पुढे जाऊन ते काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे मुख्य नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्याच्या जागेत, ढकलतो आणि कुलूप लागतं. एका हाताची एक हालचाल, आणि रायफल पुन्हा तयार. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे कडी हळूच, अर्धवट ओढणं. मग काडतूस मध्येच अडकतं. ही कडी ठामपणे, शेवटपर्यंत न्यायची असते.

हे यंत्र बेंजामिन टायलर हेन्री यांच्या १८६० च्या रायफलीतून नावारूपाला आलं. तोपर्यंत बहुतेक बंदुका एका बारानंतर पुन्हा भराव्या लागत. आपल्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली असेल त्यांना दोन बारांमध्ये किती वेळ जातो हे ठाऊक आहे. हेन्री रायफलीत १६ काडतुसं मावत. विंचेस्टर कंपनीच्या १८६६ च्या रायफलीत उजव्या बाजूला एक स्प्रिंगची झडप आली आणि तिथून एकेक काडतूस बोटाने आत ढकलता येऊ लागलं. १८७३ चं मॉडेल लोकप्रिय झालं. पण हरणांच्या शिकारीचं नशीब बदललं ते जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी आखलेल्या १८९४ च्या विंचेस्टरने. पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, तिच्यासाठी धूर न करणाऱ्या नव्या दारूचं काडतूस आलं, तेच थर्टी-थर्टी. नळीचा व्यास ०.३० इंच आणि दारू ३० ग्रेन, म्हणजे साधारण १.९ ग्रॅम. जुन्या काळ्या दारूच्या काडतुसांपेक्षा ही गोळी बारीक आणि कितीतरी वेगवान होती, आणि बारानंतर समोर धुराचा पडदा उभा राहत नव्हता. १८९४ च्या या मॉडेलच्या ७० लाखांहून जास्त रायफली बनल्या. विंचेस्टरच्याच शहरातला, म्हणजे न्यू हेवनचा, दुसरा कारखाना मार्लिनचा. त्यांचं १९४८ मध्ये आलेलं ३३६ हे मॉडेल हरणांच्या शिकारीत विंचेस्टरच्या बरोबरीने चाललं.

आता त्या नळीकडे वळू. टॉर्चमध्ये सेल जसे एकामागे एक बसतात तशी काडतुसं तिच्यात बसतात. म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या तळाला, थेट प्राइमरला, टेकलेलं असतं. बार झाला की सगळी रायफल धक्क्याने मागे येते आणि नळीतली काडतुसं एकमेकांवर आपटतात. गोळी टोकदार असेल तर तिचं टोकच पिनचं काम करू शकतं आणि नळीतच स्फोट होऊ शकतो, तोही रायफल धरणाऱ्याच्या डाव्या हाताखाली. म्हणून नळीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या या साठ्यात, चपट्या किंवा बोथट नाकाची गोळीच वापरतात. लिव्हर-ॲक्शन हातात घेणाऱ्याने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच. खोक्यावर काडतुसाचं नाव बरोबर असलं तरी गोळीचं नाक बघितल्याशिवाय ती नळीत भरायची नाही.

आणि इथूनच पल्ल्याचा प्रश्न सुरू होतो. चपटं नाक हवेत फार अडतं. शिवाय लांबट, सपाट बांध्याची आणि मागच्या टोकाशी कुलूप असलेली ही रचना फार मोठा दाब सोसण्यासाठी केलेली नाही. थर्टी-थर्टीची दाबाची मर्यादा ४२ हजार पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, तर बोल्ट-ॲक्शन, म्हणजे बोल्ट थेट हाताने ओढायच्या, रायफलींमध्ये प्रसिद्ध असलेल्या थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची ६० हजार. परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. थर्टी-थर्टीची १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची गोळी नळीतून सुमारे ७३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. तेवढ्याच वजनाची थर्टी-ओ-सिक्सची टोकदार गोळी सुमारे ८८५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. सुरुवातीचा हा फरक कदाचित चालला असता. पण चपट्या नाकाची गोळी १८० मीटर जाईपर्यंत ४९० मीटर प्रति सेकंदावर आलेली असते आणि तिची निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच संपलेली असते. रायफलीचा नेम ९० मीटरवर बरोबर लावलेला असला तर १८० मीटरवर गोळी साधारण २० सेंटीमीटर खाली लागते आणि २७५ मीटरवर ७० सेंटीमीटरच्याही खाली.

हरणाच्या छातीतला जो भाग शिकाऱ्याने साधायचा असतो, हृदय आणि फुप्फुसांचा, तो साधारण २० सेंटीमीटर व्यासाचा. वरचे आकडे त्याच्यासमोर ठेवले की उत्तर आपोआप मिळतं. शंभर मीटरच्या आत थर्टी-थर्टी हे हरणासाठी अगदी पुरेसं, खात्रीचं काडतूस आहे. दीडशे मीटरवर रायफल आणि माणूस दोघांची परीक्षा असते. त्यापुढे अनोळखी अंतरावर बार टाकणं म्हणजे जनावर जखमी करून सोडण्याची तयारी ठेवणं. माझं यावर ठाम मत आहे. त्यापुढच्या हरणावर चाप ओढू नये, शिंगं कितीही मोठी असोत.

मग एवढा तोकडा पल्ला असलेली रायफल लाखो लोकांना पुरली कशी? कारण अमेरिकेच्या पूर्वेचं आणि ईशान्येचं जंगल तसंच आहे. ओक, मेपल, हेमलॉक यांची दाट झाडी, खाली झुडपं, ओढ्याकाठी दलदल, टेकड्यांचे चढउतार. तिथे शंभर मीटरपलीकडचं दिसतच नाही. त्या रानातलं हरीण म्हणजे पांढरशेपट्या, धोका दिसताच शेपूट वर करून तिची पांढरी बाजू फडकवत पळणारा. नर साधारण ६० ते १३० किलोचा. तो पन्नास-साठ पावलांवर झाडीतून क्षणभर बाहेर येतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. अशा ठिकाणी जेमतेम ९६ सेंटीमीटर लांबीची, तीन किलोच्या आसपासची, दोन्ही बाजूंनी सपाट, एका हाताने मध्यावर पकडून दिवसभर नेता येणारी रायफल लागते. फांद्यांत अडकत नाही, पटकन खांद्याला लागते, आणि डावखुऱ्या माणसालाही तितकीच सोयीची पडते. पश्चिमेकडच्या उघड्या माळांवर आणि डोंगरउतारांवर, जिथे म्यूल डियर जातीचं हरीण तीनशे मीटरवर उभं असतं, तिथले शिकारी मात्र दुर्बीण लावलेली बोल्ट-ॲक्शनच घेतात, आणि ते बरोबरच आहे.

पल्ला कमी असला की शिकाऱ्याला रायफलीपेक्षा रान जास्त वाचावं लागतं. हरणाचं नाक फार तिखट. म्हणून वारा हरणाकडून आपल्याकडे वाहत असेल अशीच जागा धरायची. पहाट आणि सांज या त्यांच्या हालचालीच्या वेळा. नोव्हेंबर हा माजाचा महिना, माद्यांच्या मागावर असलेले नर दिवसाही भटकतात. काहीजण झाडावर मचाण बांधून तासन् तास बसतात. काहीजण दोन पावलं टाकून थांबत, पुन्हा दोन पावलं टाकत सरकतात. ही दुसरी पद्धत लिव्हर-ॲक्शनवाल्यांची खास आवडती. तिच्यात दिवसभरात फार अंतर कापलं जात नाही आणि कापायचंही नसतं.

बार कधी टाकायचा? हरीण आडवं उभं असेल, पुढच्या पायाच्या मागची रेघ स्पष्ट दिसत असेल, मध्ये फांदी नसेल आणि त्याच्या मागे मातीचा उतार असेल तेव्हा. नेम पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ. जड, बोथट गोळी झुडपांतून आरपार जाते, असा एक जुना समज शिकाऱ्यांत पसरलेला आहे. तो खरा नाही. कुठलीही गोळी काटकीला लागून वळू शकते. बार लागल्यावर लगेच धावायचं नसतं. हरीण जिथे उभं होतं ती खूण डोळ्यांत ठेवायची, अर्धा तास थांबायचं आणि मग रक्ताच्या मागावर सावकाश जायचं. घाई केली तर जखमी जनावर पुन्हा उठून दूर जातं. पण कडी मात्र बारानंतर त्याच क्षणी ओढून दुसरं काडतूस चढवून ठेवायचं, रायफल खांद्यावरून खाली न घेता. पहिल्या बाराने जनावर पडलं नाही तर त्याचे हाल लगेच थांबवता यावेत, यासाठी या रचनेचा खरा उपयोग होतो.

नेम धरायला जुन्या रायफलींवर मागे खाच आणि पुढे माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीक उंचवटा, असते. जवळच्या अंतरावर ती पुरते, पण चाळिशीनंतर डोळ्यांना खाच, माशी आणि हरीण तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. त्यावर उत्तम उपाय म्हणजे मागे खाचेऐवजी गोल भोकाची पट्टी बसवणं. डोळा आपोआप भोकाच्या मध्यातून बघतो. दुर्बीण लावायची तर मार्लिन सोयीची, कारण तिची पुंगळी उजव्या बाजूने बाहेर पडते. जुन्या विंचेस्टरची पुंगळी वरून उडते, म्हणून तिच्यावर मध्यावर दुर्बीण बसत नाही. १९८० च्या दशकात विंचेस्टरने पुंगळी तिरकी बाहेर पडेल अशी सुधारणा केली.

सुरक्षिततेचा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण या रायफलीचा खरा धोका तिथेच आहे. तिचा घोडा बाहेर, उघडा असतो. चेंबरमध्ये काडतूस आहे, घोडा ताणलेला आहे आणि हरीण निघून गेलं, तर आता घोडा अलगद खाली आणायचा असतो. त्यासाठी अंगठ्याने घोडा धरून चाप ओढावा लागतो. थंडीने बधिर झालेला किंवा हातमोज्यातला अंगठा निसटला की बार सुटतो. हे करताना नळीचं तोंड कायम जमिनीकडे, माणसांपासून दूर हवं. घोडा थोडा मागे ओढला की एका खाचेत अडकतो, तिथे चाप ओढूनही बार होत नाही. पण केवळ त्या खाचेवर विसंबून कुंपण ओलांडायचं नाही किंवा मचाणावर चढायचं नाही. त्याआधी चेंबर रिकामं करायचं. गेल्या चाळीस वर्षांतल्या बऱ्याच रायफलींवर वेगळं सुरक्षेचं बटणही असतं. जुन्या शिकाऱ्यांना ते आवडत नाही. नवशिक्याने ते जरूर वापरावं.

रायफल रिकामी करणंही सोपं नाही. पारंपरिक विंचेस्टर किंवा मार्लिनमध्ये नळीतलं प्रत्येक काडतूस कडी ओढून चेंबरच्या वाटेनेच बाहेर काढावं लागतं. म्हणजे प्रत्येक वेळी घोडा ताणलेला आणि बोट चापाच्या जवळ. बोट चापाबाहेर, तोंड सुरक्षित दिशेला, भरलेली काडतुसं आणि निघालेली काडतुसं मोजायची आणि शेवटी कडी उघडी ठेवून, मागच्या बाजूने, चेंबर आणि खालची नळी रिकामी आहे ना ते बघायचं. आजच्या हेन्री कंपनीच्या बऱ्याच रायफलींत पुढून आतली नळी ओढून काडतुसं ओतून घेता येतात, ही मोठी सोय आहे.

नळीच्या बंधनातून सुटायचे प्रयत्नही झाले. आर्थर सॅव्हेज यांनी १८९९ च्या मॉडेलमध्ये काडतुसं गोल फिरणाऱ्या चक्रात ठेवली, त्यामुळे टोकदार गोळी वापरता आली. ब्राउनिंग कंपनीच्या बीएलआर या लिव्हर-ॲक्शनमध्ये खाली पेटीचं मॅगझिन आहे. मग हॉर्नडी कंपनीने रबरासारख्या मऊ टोकाची गोळी आणली. ती टोकदार असूनही प्राइमरवर दाबली की टोक दबतं. तिने थर्टी-थर्टीचा पल्ला काही मीटरांनी वाढवला. चांगली गोष्ट आहे, पण तिच्यामुळे ही रायफल माळरानाची झाली असं मुळीच नाही.

कायद्यानेही लिव्हर-ॲक्शनला हात दिला. पेनसिल्वेनियाच्या वन्यजीव आयोगाने २०१७ मध्ये स्वयंचलितपणे भरणाऱ्या रायफलींना लहान प्राण्यांच्या शिकारीत परवानगी दिली, हरणांसाठी मात्र नाही. त्यामुळे तिथे हाताने चालणाऱ्या रायफलींचं महत्त्व राहिलं. ओहायो सपाट शेतांचं, दाट वस्तीचं राज्य. लांब जाणारी गोळी तिथे धोक्याची, म्हणून हरणांसाठी रायफलीत फक्त सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसं चालतात, तीही २०१४ पासून. थर्टी-थर्टीची पुंगळी बाटलीसारखी मानेशी अरुंद होते, म्हणून ती तिथे चालत नाही. पण १८७३ चं जाडजूड फॉर्टी-फाइव्ह-सेव्हन्टी काडतूस चालतं. रेमिंग्टनने २०२३ मध्ये थर्टी-थर्टीचीच पुंगळी सरळ करून खास अशा राज्यांसाठी नवं काडतूस आणलं.

हरणं मारणं योग्य का, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच, आणि तो टाळू नये. १९०० च्या सुमारास बाजारासाठी केलेल्या बेसुमार शिकारीने अमेरिकेतले पांढरशेपटे जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरले होते. मग शिकारीचं मांस राज्याबाहेर विकण्यावर १९०० च्या लेसी कायद्याने चाप बसला. राज्यांनी हंगाम आणि संख्या ठरवून दिली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवला. आज ही हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. पूर्वेतून लांडगे आणि प्यूमा जवळजवळ नाहीसे झाले. त्यामुळे हरणं वाढली की जंगलातली रोपं उगवतानाच खाल्ली जातात आणि रस्त्यांवर दरवर्षी लाखो गाड्यांना धडकतात. तिथे ठरवून दिलेली शिकार हा संवर्धनाचाच भाग आहे, असं मला मनापासून वाटतं. मांस घरी खाल्लं जातं. शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे मांसात राहतात, म्हणून आता बरेच शिकारी तांब्याची गोळी घेतात. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीत शिशाला पूर्ण बंदी आहे.

भारतात यातलं काहीही लागू होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे. आपली जंगलं, त्यातले वाघ आणि बिबटे, त्यांचं अन्न, सगळं गणित वेगळं आहे.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी मात्र काही व्यवहाराच्या गोष्टी. सहकारी शिकारीला चला म्हणाला तर आधी राज्याचा शिकार-प्रशिक्षणाचा वर्ग पूर्ण करून परवाना घ्या. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगण्याची मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला मान्य अपवाद आहे. तरीही रायफल हातात घेण्याआधी वकिलाला विचारून घ्या, कारण इथली चूक व्हिसावर शेकते. हंगामात जंगलात नुसतं फिरायला जातानाही भडक नारिंगी जाकीट घाला. हरणांना नारिंगी रंग नीट ओळखता येत नाही, माणसांना मात्र तो लांबून दिसतो. नोव्हेंबरात पहाटे आणि संध्याकाळी गाडी हळू चालवा. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तर मागून दुसरं येतंय असंच धरून चाला. आणि शिकारीला नेलेली सॅक किंवा जाकीट भारतात येताना सामानात घेऊ नका, घ्यायचंच असेल तर प्रत्येक कप्पा उलटा करून बघा. तळाशी राहिलेलं एक काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.